शिकाऊ विमानं पडतात कुठे आणि का?

प्रशिक्षण विमान कोसळल्याची बातमी आली की तासाभरात तीन निदानं तयार असतात. विमान जुनं असणार, देखभाल धड नसणार, नाहीतर चालवणारं पोर कच्चं असणार. दोन दिवसांत बातमी विरते. चौकशीचा अहवाल यायला बऱ्याचदा वर्ष किंवा त्याहून जास्त काळ जातो आणि आला तरी तो वाचतो कोण? असे चार-सहा अहवाल ओळीनं वाचले तर एक गोष्ट जाणवते. देश कुठलाही असो, कारणं तीच ती असतात. नवीन असं क्वचितच काही सापडतं.

त्यातल्या बहुतेक कारणांची जागाही एकच. विमान जमिनीपासून फार वर नसतं आणि फार वेगातही नसतं. तीन हजार फुटांवर निस्तरता आली असती अशी चूक तिथे निस्तरायला जागाच उरत नाही.

उंची म्हणजे हातातला वेळ

दोन किंवा चार आसनं, एकच इंजिन आणि पुढे फिरणारा पंखा, हे शिकाऊ विमानाचं नेहमीचं रूप. त्यातलं सर्वांत ओळखीचं म्हणजे सेस्ना १७२. १९५० च्या दशकापासून ही विमानं ४४ हजारांहून जास्त बनली. एवढ्या संख्येनं दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. त्याचं इंजिन हवेत बंद पडलं तर ते दगडासारखं खाली येत नाही. नाक जरा खाली घातलं की तरंगत येतं आणि एक फूट उंची गमावताना साधारण नऊ फूट पुढे सरकतं. हजार फुटांवर असाल तर हातात पावणेतीन किलोमीटर अंतर आणि सव्वा-दीड मिनिट असतं. तेवढ्यात वाऱ्याची दिशा बघता येते, मोकळं शेत निवडता येतं, रेडिओवर सांगता येतं. तीनशे फुटांवर हाच वेळ पंचवीस सेकंदांवर येतो.

उंची खर्चून वेग मिळतो आणि वेग खर्चून उंची. एक असेल तर दुसरं विकत घेता येतं. दोन्ही नसतील तर पंचाईत.

आता शिकाऊ विमानाचा दिवस बघा. प्रवासी विमान एकदा उडतं, काही तास वर राहतं, एकदा उतरतं. शिकाऊ विमान ‘सर्किट’ मारतं. धावपट्टीवरून उडायचं, हजारेक फुटांवर जाऊन तिच्याभोवती आयताकृती फेरी घालायची, उतरायचं आणि चाकं टेकल्यावर न थांबता पुन्हा उडायचं. तासाभरात हे सात-आठ वेळा. म्हणजे जो टप्पा सर्वांत नाजूक, त्याच टप्प्यात हे विमान आयुष्य काढतं. म्हणूनच प्रवासी विमानांशी तासामागे अपघात मोजून केलेली तुलना मला नेहमी थोडी लबाड वाटते. निदान उड्डाणांमागे मोजा. फरक तरीही उरेल, पण चित्र जरा माणसात येईल.

पंख हवा सोडतो तेव्हा

जीवघेण्या अपघातांत हवेतच विमानावरचा ताबा सुटणं हे कारण फार वर येतं आणि त्याच्या मुळाशी पुष्कळदा स्टॉल असतो. इंजिन ठणठणीत चालू असतानाही स्टॉल होतो. पंख समोरून येणाऱ्या हवेला थोडा तिरपा धरलेला असतो. तो हवेला खाली वळवतो आणि त्या बदल्यात स्वतः वर उचलला जातो. विमानाचा वेग घटला की तेवढीच उचल मिळवायला नाक आणखी वर करावं लागतं, म्हणजेच पंख आणखी तिरपा होतो. हे साधारण पंधरा-सोळा अंशांपर्यंत चालतं. त्यापुढे पंखाच्या वरून जाणारी हवा त्याला धरून वाहेनाशी होते, तिचे भोवरे होतात आणि उचल एकदम ढासळते. हाच स्टॉल.

उपाय सोपा आहे. नाक खाली करायचं. तिरपेपणा घटला की हवा पुन्हा पंख धरते. प्रशिक्षणात हे भरपूर उंचीवर पुन्हापुन्हा करून घेतात आणि विद्यार्थ्याला ते येतंही. पण पाचशे फुटांवर, समोरची झाडं मोठी होत असताना, जमिनीकडे नाक न्यायला हात धजत नाही. सगळं अंग सांगत असतं की नाक वर करणारा दांडा ओढ. आणि ओढण्यानंच स्टॉल पक्का होतो.

त्यात वळण असेल तर आणखी अवघड. वळायला विमान कुशीवर कलवावं लागतं, त्यामुळे उचलीतला काही भाग विमान बाजूला खेचण्यात जातो. उंची टिकवायची तर पंखाला जास्त काम पडतं. ४५ अंश कलून उंची राखत वळणारं विमान सरळ उड्डाणातल्या स्टॉलच्या वेगापेक्षा १९ टक्के जास्त वेगालाच स्टॉल होतं. ६० अंशांना हा फरक ४१ टक्के होतो. वेगमापकावर जो आकडा आत्तापर्यंत सुरक्षित होता, तोच वळणात धोक्याचा ठरतो.

सर्किटमधलं उतरण्याआधीचं शेवटचं वळण याच कारणानं बदनाम आहे. पाठीमागून वारा असला की विमान अपेक्षेपेक्षा पुढे ढकललं जातं आणि धावपट्टीची रेषा ओलांडून जातं. आता जास्त वळायला हवं, पण जमीन इतकी जवळ असताना विमान जास्त कलवायची भीती वाटते. मग विद्यार्थी पायानं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून नाक तेवढं धावपट्टीकडे वळवू पाहतो. विमान वाकडं घसरत वळू लागतं, नाक खाली झुकू लागतं म्हणून तो दांडा ओढतो. वळणाच्या आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो, दुसरा अजून उचलत असतो. विमान आतल्या बाजूला उलटतं आणि गिरक्या घेत खाली जातं. या गिरकीला स्पिन म्हणतात. सेस्नाच्या माहितीपुस्तिकेनुसार स्पिनची एक गिरकी आणि त्यातून बाहेर येणं, यात मिळून साधारण हजार फूट उंची जाते. हे शेवटचं वळण होतं पाचशे फुटांच्या आसपास. पुढचं गणित कोणीही करू शकेल.

मग स्पिनमधून बाहेर पडायला सर्वांनाच सक्तीनं का शिकवत नाहीत, असा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेत पूर्वी तशी सक्ती होती. १९४९ मध्ये ती काढली, प्रशिक्षक होणाऱ्यांसाठी मात्र ठेवली. स्पिनमध्ये जाऊन परत येण्यापेक्षा त्यात जाऊच नये यावर भर द्यायचा, हा त्यामागचा विचार. वैमानिकांच्या बैठकीत यावर आजही दोन तट पडतात. मला तो निर्णय पटतो, कारण जिथे माणसं मरतात त्या उंचीवर हे कौशल्य वापरायला वावच नसतो.

पुष्कळ सेस्ना विमानांत पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. स्टॉल जवळ आला की तिथे हवा शोषली जाते आणि आत पिपाणी वाजू लागते. वीज नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही, आवाज चांगला कर्कश. तरीही अपघात होतात. घाबरलेल्या माणसाचं कान देणं सर्वांत आधी थांबतं.

उतरताना: विमान वाकतं, माणूस वाचतो

नुसती संख्या मोजली तर सर्वांत जास्त अपघात उतरतानाचे. यात जीव फार क्वचित जातो. विमान जरा वेगानं येतं, आपटतं आणि उसळी घेतं. विद्यार्थी नाक खाली दाबतो, पुढचं चाक आधी टेकतं, आणखी मोठी उसळी बसते. तिसऱ्या उसळीला पुढच्या चाकाचा पाय मोडतो आणि पंख्याची पाती धावपट्टीला घासतात. बाजूचा वारा असेल तर विमान धावपट्टी सोडून गवतात जातं.

यावरचा उपाय म्हणजे गो-अराउंड. उतरणं जमत नाहीये असं वाटलं की पूर्ण शक्ती द्यायची, वर चढायचं, नवीन फेरी घ्यायची. कोणी हसत नाही, पैसे कापत नाही. पण हाही घाईत केला तर घात करतो. उतरण्यासाठी जुळवलेल्या विमानाला एकदम पूर्ण शक्ती दिली की नाक वर उसळतं आणि डावीकडे ओढ बसते. उजव्या पायानं रडर दाबून, दांडा पुढे रेटून ते आवरावं लागतं. नाही आवरलं की पुन्हा तोच स्टॉल, तोही धावपट्टीच्या डोक्यावर.

इंजिन थांबतं, पण मोडून नव्हे

‘इंजिन बंद पडलं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तुटलेला सुटा भाग येतो. तसंही होतं. पण कितीतरी अहवालांत इंजिन धडधाकट निघतं, त्याला इंधन किंवा हवा मिळालेली नसते.

टाकी कोरडी पडणं हे सर्वांत लाजिरवाणं कारण, आणि ते दरवर्षी कुठे ना कुठे घडतं. लहान विमानांतले इंधनाचे काटे भरवशाचे नसतात म्हणून उडण्याआधी टाकीत मोजपट्टी बुडवून बघायची शिस्त आहे. दुसरा प्रकार जास्त चक्रावणारा. इंधन आहे, पण दुसऱ्या टाकीत. सेस्ना १७२ मध्ये दोन्ही टाक्यांतून एकदम इंधन घेता येतं. पायपर कंपनीच्या पीए-२८ जातीच्या विमानांत डावी किंवा उजवी अशी एकच टाकी निवडता येते आणि ठरावीक वेळानं आठवणीनं बदलावी लागते. आठवण राहिली नाही की अर्धं इंधन शिल्लक असताना इंजिन थांबतं.

पाणी हे तिसरं. टाकीत रात्रभर साचलेलं दव पेट्रोलपेक्षा जड असल्यानं तळाशी बसतं. म्हणून उडण्याआधी तळातून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून बघतात. या विमानांचं नेहमीचं पेट्रोल मुद्दाम फिकट निळं रंगवलेलं असतं. पाणी त्यात वेगळं उठून दिसतं आणि चुकून जेट विमानाचं इंधन भरलं गेलं असेल तर तेही रंगावरून कळतं.

आणि मग बर्फ. हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही, कारण बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असतं, आकाश स्वच्छ असतं. जुन्या धाटणीच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळण्याचं काम कार्ब्युरेटर करतो. तिथे पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद जागेतून जाताना तापमान तीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. हवेत दमटपणा असला की आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उतरण्यासाठी शक्ती कमी केलेली असताना हे जास्त होतं आणि कळतही नाही, कारण इंजिन तसंही मंदच चालवायचं असतं. शक्ती परत मागायला जावं तेव्हा ती येत नाही. गरम हवा आत सोडण्याची एक कळ असते. ती ओढली की वितळलेलं पाणी इंजिनात जाऊन ते काही सेकंद खोकतं, आणखी वाईट चालतं. नवखा माणूस तेवढ्यात कळ परत ढकलतो. तपास करणाऱ्यांची अडचण वेगळीच असते. ते पोचेपर्यंत पुरावा वितळून गेलेला असतो.

उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबलं तर? धावपट्टी तर मागेच आहे, परत वळू, हा पहिला विचार. पण ते वळण १८० अंशांचं नसतं. वळताना विमान बाजूला सरकतं, मग धावपट्टीच्या रेषेवर येण्यासाठी आणखी वळावं लागतं, एकूण बेरीज अडीचशे अंशांच्या पुढे जाते. तेही कमी वेगात, कलून, उंची गमावत. म्हणून शिकवण अशी की फार उंची नसेल तर साधारण समोरच, जे काही दिसेल त्यात, ताब्यात असलेलं विमान उतरवा. ऐकायला क्रूर वाटतं, पण पन्नासेक नॉटच्या, म्हणजे तासाला नव्वदेक किलोमीटरच्या वेगानं शेतात घुसलेल्या विमानातून माणसं चालत बाहेर आलेली आहेत. गिरकी घेत पडलेल्या विमानातून क्वचितच.

उष्ण दिवस, उंचावरची धावपट्टी आणि भरलेलं विमान हे त्रिकूटही इथेच सांगायला हवं. गरम हवा विरळ असते. तापमान त्या उंचीच्या प्रमाण तापमानाहून एका अंशानं वाढलं की विमानासाठी आपण जणू १२० फूट जास्त उंचीवर आहोत. पंखाला उचल कमी, इंजिनाला हवा कमी. सेस्ना १५२ सारख्या दोन आसनी विमानात दोन धिप्पाड माणसं आणि भरलेल्या टाक्या नियमांत बसतीलच असं नाही.

ढगात सरासरी १७८ सेकंद

नवख्या वैमानिकाला बाहेर बघून उडवायला शिकवतात. क्षितिज दिसतंय तोवर सरळ कुठे, तिरकं कुठे ते कळतं. ढगात शिरलं की क्षितिज जातं आणि आतला कान खोटं सांगू लागतो. विमान हळूहळू कलत असतं आणि अंगाला वाटतं, आपण सरळच आहोत.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याचा एक प्रयोग झाला. उपकरणांवरून उडवण्याचा सराव नसलेल्या वीस जणांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती दिली. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ भरली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी. बहुतेकांचं विमान कलत कलत वेग घेत खाली जाणाऱ्या घेऱ्यात अडकलं. त्याच प्रयोगात पुढे त्यांना थोडं प्रशिक्षण देऊन सावकाश वळून परत फिरायला शिकवलं, तेव्हा ते जमलं. आज मूलभूत परवान्यासाठीही उपकरणांवरून उडण्याचा थोडा सराव करून घेतात, तो ढगात जाता यावं म्हणून नव्हे. चुकून गेलात तर माघारी येता यावं म्हणून.

स्वच्छ उन्हात टक्कर

दोन लहान विमानांची टक्कर धुक्यात होत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती बहुतेकदा दिवसा, चांगल्या हवेत, विमानतळाच्या आसपास होते. कारण विमानं तिथेच आणि तेव्हाच जमतात. मग दिसत कशी नाहीत? सीमारेषेवर उभ्या क्षेत्ररक्षकाला विचारा. उंच उडालेला चेंडू डावीकडे-उजवीकडे सरकताना दिसला तर तो आपल्याकडे येत नाहीये. जो नजरेत जागचा हलत नाही, तोच थेट तोंडावर येतो. टकरीच्या मार्गावरचं विमानही काचेवर एकाच जागी ठिपक्यासारखं थांबतं आणि शेवटच्या काही सेकंदांत अचानक मोठं होतं. माणसाचा डोळा हालचाल टिपतो, स्थिर ठिपका नाही. त्यात सेस्नाचे पंख छताच्या वर आणि पायपरचे खाली. पायपर वरून उतरत असेल आणि सेस्ना खालून येत असेल तर दोघांच्याही पंखाआड नेमका दुसरा लपतो.

“पण शेजारी प्रशिक्षक बसलेला असतो ना?”

असतो, आणि त्याच्याकडेही पूर्ण नियंत्रणं असतात. तरीही विद्यार्थी एकटा उडत असताना होणारे अपघात बहुतांशी धावपट्टीवर विमान वाकवणारे असतात आणि जीवघेण्या अपघातांत पुष्कळदा प्रशिक्षक सोबत असतो. हे उलटं वाटतं, पण स्टॉल, इंजिन बंद पडल्याचा सराव, कमी उंचीवरच्या कसरती ही सगळी अवघड कामं प्रशिक्षक असतानाच होतात. एकट्या विद्यार्थ्याला निवडक हवेत, ठरलेल्या फेरीवर सोडतात.

प्रशिक्षकाची खरी कसोटी हात आवरण्यात असते. विद्यार्थ्याला चूक करू दिली नाही तर तो शिकणार नाही, आणि अर्धा सेकंद जास्त करू दिली तर सावरता येणार नाही. शिवाय विमान कोणाच्या हातात आहे याचा गोंधळ. दोघांनाही वाटतं दुसरा चालवतोय. यासाठी तीन वाक्यांची देवघेव ठरलेली आहे: देणारा सांगतो “विमान तुमच्याकडे”, घेणारा म्हणतो “माझ्याकडे”, देणारा पुन्हा दुजोरा देतो. शाळकरी वाटतं, पण कित्येक अहवालांत हीच वाक्यं बोलली गेलेली नव्हती.

मग सिम्युलेटरवरच सगळं का शिकवत नाहीत? यादीनुसार कामं करणं, उपकरणं वाचणं, ढगातलं उडणं यासाठी तो उत्तमच. चाकं टेकण्याआधीचे पाच सेकंद मात्र स्वस्त सिम्युलेटरमध्ये येत नाहीत, आणि बुडाखाली जाणवणारी घसरण तर नाहीच. विमानालाच पॅराशूट लावण्याची सोयही आहे. सिरस कंपनीच्या विमानांत ती मुळापासून असते आणि तिनं माणसं वाचवली आहेत. उघडायला काहीशे फूट मात्र लागतात. शेवटच्या वळणावर ते असतीलच असं नाही.

जुनी विमानं आणि ‘मानवी चूक’

सेस्ना १५२ चं उत्पादन १९८० च्या दशकातच थांबलं, तरी त्यांवर आजही शिकवतात. वय ऐकून छातीत धस्स होतं खरं. पण धातूला वाढदिवस कळत नाहीत, त्याला किती वेळा ताण बसला ते कळतं.

४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे एका पायपर प्रशिक्षण विमानाचा डावा पंख उड्डाणानंतर थोड्याच वेळात तुटला. दोघं जण गेले. विमान २००७ सालचं, म्हणजे या धंद्याच्या हिशेबात तरुण. पण त्याचे ७,६०० हून जास्त तास झाले होते आणि ते ३३ हजारांहून जास्त वेळा उतरलं होतं. सर्किटच सर्किट. पंखाच्या मुख्य तुळईत, बोल्टच्या भोकापाशी, धातू थकून चीर गेली होती आणि ती बाहेरून दिसण्यासारखी नव्हती. इथे ना विद्यार्थी चुकला, ना त्याच्या शेजारचा माणूस.

असे अपघात थोडे. बहुतेक अहवालांत शेवटी माणसाच्या निर्णयावरच बोट येतं आणि बातमीत त्याचं ‘मानवी चूक’ होऊन जातं. पण विमान अपघातांच्या चौकशीचे आंतरराष्ट्रीय नियम, शिकागो कराराचं तेरावं परिशिष्ट, स्पष्ट सांगतात की चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटणं हा नाही. टाकी बदलायची राहिली, ही चूकच. पण आठवणीवर विसंबणारी कळ कोणी बसवली, तपासणीची यादी त्या वेळी हातात का नव्हती, प्रशिक्षक सकाळपासून कितवी फेरी मारत होता, हे विचारल्याशिवाय तो अहवाल पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगाचा नाही.

डेटोना बीचनंतर तसंच झालं. त्या जातीच्या विमानांचे नुसते तास न मोजता ती कशी वापरली गेली याचाही हिशेब लावायचं ठरलं, आणि ज्यांचा आकडा मर्यादेपुढे गेला त्यांच्या पंखांच्या बोल्टची भोकं विद्युतप्रवाहाच्या साहाय्यानं आतून तपासण्याचा आदेश निघाला.